वहीचें वर्ष आणि शेताचें वर्ष

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि राजवटींची उलथापालथ उभी राहते. दुकानदाराची तांबड्या कापडांत बांधलेली वही उभी राहत नाहीं. वास्तविक पाहतां मोठमोठ्या राज्यांचे व्यवहारहि अखेर कोठें तरी वहींतच उतरतात, आणि पुष्कळ वेळां त्यांचा निकालहि तेथेंच लागतो. प्रस्तुत लेखांत अशाच एका उपेक्षित विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. लहान व्यापारी वर्षाच्या अखेरीस आपल्या वह्या मिटतो, तेव्हां त्याला कांहीं रकमा सरत्या वर्षाच्या माथीं माराव्या लागतात, कांहीं येत्या वर्षासाठीं राखून ठेवाव्या लागतात, आणि कांहीं तर केवळ अंदाजानें लिहाव्या लागतात. या दुरुस्त्या म्हणजे कारकुनाचें किरकोळ काम, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें तो समज बरोबर नाहीं. या दुरुस्त्यांच्या पोटांत न्यायाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो उकलून दाखवावा एवढाच आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्हीं यवतमाळ जिल्ह्यांतला केळापूर तालुका घेतला आहे. केळापूर हें तालुक्याचें नांव. परंतु कचेरी, बाजार आणि कापसाची घडामोड पांढरकवड्यास. केळापूर गांव त्याच्या लगतच असून तेथील जगदंबेच्या दर्शनासाठीं नवरात्रांत दूरदूरचे लोक येतात. नागपुराहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता पांढरकवड्यावरून जातो, आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं तेलंगणाची हद्द लागते. त्यामुळें येथील बाजारांत मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगुहि कानीं पडते. काळी जमीन, पावसाच्या भरंवशाची शेती, आणि कापूस हें मुख्य पीक. असल्या मुलखांत दुकान म्हणजे केवळ मीठ-मिरची विकण्याची जागा नव्हे. पेरणीच्या वेळीं बियाणें, पावसाळ्यांत धान्य, सणाला कापड आणि अडीनडीला रोकड पुरविणारें तें एक लहानसें खजिनाघरच असतें. माल आषाढांत जातो आणि पैसा पौषांत येतो. या दोहोंच्या मधल्या पांच-सहा महिन्यांत वहीचें वर्ष संपलें, तर दुकानदारानें काय लिहावें? आपला विषय नेमका येथेंच सुरू होतो.

या तालुक्याच्या निवडीचें दुसरेंहि एक कारण आहे. ज्या वऱ्हाड प्रांतांत तो मोडतो, तो प्रांतच मुळीं एका न फिटलेल्या खात्यापायीं इंग्रजांकडे गेला. निजामाच्या राज्यांत कंटिंजंट नांवाची एक फौज असे. तिच्यावर हुकमत इंग्रजांची, आणि खर्च मात्र निजामाचा. हा खर्च थकत गेला, बाकी चढत गेली, आणि शेवटीं १८५३ सालच्या तहानें वऱ्हाड व इतर कांहीं जिल्हे कंपनीच्या स्वाधीन करण्यांत आले. मात्र या तहांत एक कलम निजामाच्या बाजूचें होतें. या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा खराखुरा हिशेब कंपनीनें दरसाल निजामास सादर करावा, आणि ठरलेला खर्च वजा जातां जी शिल्लक उरेल ती त्यास द्यावी, असें तें कलम होतें.

सात वर्षांनीं, म्हणजे १८६० सालीं, दुसरा तह झाला. १८५७ च्या धामधुमींत निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूनें राहिलें होतें; त्याचें हें बक्षीस समजलें गेलें. पन्नास लाखांचें जुनें कर्ज माफ झालें. धाराशीव आणि रायचूर दुआब हे भाग परत मिळाले. परंतु वऱ्हाड राहिला तो राहिलाच. आणि त्याबरोबर त्याचा हिशेब मागण्याचा हक्कहि निजामानें सोडला. शिल्लक उरली तर ती मिळावयाची होती, पण ती कशी काढली हें विचारण्याची सोय उरली नाहीं. वऱ्हाडच्या कारभारावर खर्च फार होतो, ही हैदराबादची तक्रार पुढें वर्षानुवर्षें चालू राहिली. सर सालारजंग यांनीं प्रांत परत मिळावा म्हणून केलेले प्रयत्नहि व्यर्थ गेले. अखेर १९०२ सालीं दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या ठराविक रकमेवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रज सरकारनें करून घेतला, आणि शिल्लक किती हा प्रश्नच निकालांत निघाला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. आणि केळापूर ज्यांत होतें त्या वणी जिल्ह्याला १९०५ पासून यवतमाळ जिल्हा म्हणूं लागले.

या हकीकतींत राजकारण कितीहि असो, हिशेबाचें तत्त्व एकच आहे. शिल्लक ही जमिनींतून उगवत नाहीं. ती काढावी लागते. तीस वर्षें टिकणाऱ्या इमारतीचा सारा खर्च एकाच वर्षाच्या नांवें टाकला, तर त्या वर्षाची शिल्लक नाहींशी होते. तोच खर्च तीस वर्षांवर वांटला, तर ती पुन्हां उभी राहते. दोन्ही वेळां पैसा तितकाच गेलेला असतो, आणि कोणीहि खोटी रक्कम लिहिलेली नसते. म्हणून ज्याच्या हातीं वर्षअखेरची वही, त्याच्याच हातीं शिल्लक ठरविण्याचा अधिकार जातो. आणि ज्याला वही पाहतां येत नाहीं, त्याला मिळेल तें मुकाट्यानें घ्यावें लागतें. राज्याच्या बाबतींत जें खरें, तेंच चार खणांच्या दुकानाच्या बाबतींतहि खरें आहे.

ही अडचण आपल्या पूर्वजांच्या लक्षांत आलेली नव्हती असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाचें वर्ष तीनशें चौपन्न अहोरात्रांचें धरलें असून तें आषाढी पौर्णिमेस संपवावें, आणि अधिक मासाचा हिशेब निराळा ठेवावा, असें सांगितलें आहे. ठिकठिकाणच्या हिशेबनिसांनीं आषाढांत राजधानीस यावें. त्यांनीं आपल्या वह्या व शिल्लक मोहोरबंद करून आणावी. आणि तपासणी होईपर्यंत त्यांना एकमेकांशीं बोलूं देऊं नये, इतकी त्यांत खबरदारी आहे. जमेचे तीन प्रकार सांगितले आहेत: चालू वर्षाची, मागील वर्षाची राहून गेलेली, आणि इतर मार्गांनीं आलेली. शिल्लकेला तेथें ‘नीवी’ म्हटलें असून तिचेहि हातीं आलेली आणि पुढें ओढलेली असे दोन भेद केले आहेत. हातीं आलेला पैसा निराळा आणि त्या वर्षाचा म्हणून धरावयाचा पैसा निराळा, हें तत्त्व यांत स्पष्ट दिसतें. आषाढ निवडण्यांतहि शहाणपण आहे. पावसाळा लागला कीं वाटा बंद होतात, जुन्या पिकाचा सारा वसूल झालेला असतो आणि नव्याची पेरणी नुकतीच चालू असते. अशा वेळीं हिशेबाचें वर्ष व शेताचें वर्ष यांची सांधेजोड चांगली बसते.

मराठी राज्याच्या दफ्तरांनीं या विद्येला आपले शब्द दिले आणि ते अजून आपल्या तोंडीं आहेत. दररोजचा व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें लिहावयाचा ती रोजकीर्द. त्यांतील रकमा माणसांच्या व बाबींच्या खात्यांवर वांटून लिहावयाच्या ती खतावणी. खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही बाजूंची बेरीज जुळते कीं नाहीं हें पाहावयाचें ती तेरीज. आणि वर्षाच्या शेवटीं एकंदर स्थिति दाखवावयाची तो ताळेबंद. मोडी अक्षरांत भराभर लिहिलेल्या या कागदांवर सबंध राज्याचा कारभार चाले, आणि गांवचा वाणीहि आपल्या ऐपतीप्रमाणें तीच रीत पाळी. तथापि या लहान वह्यांचा भर रोकडीवर असे. पैसा आला तो जमा, गेला तो खर्च, आणि ज्याच्याकडून येणें त्याच्या नांवें रक्कम. इतकें झालें कीं दुकानदाराचें समाधान होई.

युरोपांतहि आरंभीं स्थिति फारशी निराळी नव्हती. व्हेनिसचा व्यापारी एक गलबत माल घेऊन पाठवी. तें परत आलें कीं त्या सफरीचा नफातोटा काढी. वर्षाचा विचार करण्याचें त्याला मोठेंसें कारण नसे. १४९४ सालीं लुका पाचोली नांवाच्या गणिती जोग्यानें, म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूनें, व्हेनिस येथें आपला मोठा गणितग्रंथ छापला आणि त्याच्या एका प्रकरणांत दुहेरी नोंदीची पद्धति समजावून दिली. व्यापाऱ्यानें प्रथम आपल्या सर्व मालमत्तेची यादी करावी, आणि दरवर्षीं वह्या मिटाव्या, विशेषतः भागीदारी असेल तर अवश्य मिटाव्या, असा त्याचा उपदेश आहे. भागीदार असला कीं वर्षाचा मेळ का हवा, हें उघड आहे. एकट्यानें व्यापार करणारा स्वतःस फसवूं शकतो. परंतु दुसऱ्याचा वाटा ठरवावयाचा असेल तर कोणत्या तरी एका दिवशीं थांबून, आजपर्यंत कोणाचें किती, हें सांगावेंच लागतें.

आतां पांढरकवड्याच्या बाजारांतलें एक दुकान कल्पूं. आंकडे आमच्या मनचे आहेत. रीत मात्र खरी आहे. या दुकानाचें वर्ष दिवाळीस संपतें. वर्षांत रोखीनें व उधारीनें मिळून १२,००० रुपयांचा माल विकला. १०,४०० रुपयांची खरेदी झाली. नोकर, भाडें, गाडीखर्च मिळून ९०० रुपये दिले गेले. दुकानदार बोटांवर मोजून म्हणतो, “यंदा सातशें सुटले.” हे सातशें खरे आहेत काय?

प्रथम कोठारांत जाऊन माल मोजला पाहिजे. वर्षाच्या आरंभीं १,५०० रुपयांचा माल शिल्लक होता. आज २,३०० रुपयांचा आहे. म्हणजे खरेदीपैकीं ८०० रुपयांचा माल अजून विकलाच गेलेला नाहीं, आणि त्याची किंमत सरत्या वर्षाच्या खर्चांत धरणें चूक आहे. नफा १,५०० झाला. येथें एक पथ्य पाळावें लागतें. माल पडत्या किंमतीस धरावयाचा, म्हणजे खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी असेल ती घ्यावयाची; घरांत पडलेल्या कापडाचा भाव चढला म्हणून न विकतांच नफा मांडावयाचा नाहीं. पुढें, यंदा नव्यानें घेतलेल्या कोठाराचें एका वर्षाचें भाडें १२० रुपये श्रावणाच्या आरंभीं आगाऊ दिलें आहे. त्यांतले श्रावण, भाद्रपद व आश्विन हे तीनच महिने सरले. उरलेल्या नऊ महिन्यांचे ९० रुपये पुढच्या वर्षाचे. उलटपक्षीं नोकराचा आश्विनाचा पगार ४० रुपये अजून दिलेला नाहीं. तो दिला नसला तरी त्याचें काम सरत्या वर्षांत घेतलें आहे, म्हणून तो याच वर्षाच्या नांवें. गाडी, कपाटें, तराजू-वजनें मिळून १,००० रुपयांचें सामान आहे. तें झिजतें, म्हणून शेंकडा दहा प्रमाणें १०० रुपये घसारा. इतकें झाल्यावर नफा १,४५० रुपये येतो. सातशेंचे दुपटीहून अधिक झाले!

परंतु अजून उधारीचें खातें उघडलेलें नाहीं. गिऱ्हाइकांकडे एकंदर ४,००० रुपये येणें आहे. त्यांतले सारे येतील काय? दुकानदार एकेक नांव वाचतो. हा देईल, त्याच्या घरीं आजार आहे, तो गांव सोडून गेला, अमक्याचें शेत गेल्या पुरांत खरवडून निघालें. असा विचार करून ६०० रुपये बुडीत धरले, तर नफा ८५० उरतो. तीनशें धरले तर १,१५०. बाराशें धरले तर अवघे २५०. माल मोजतां येतो, भाड्याचे महिने बोटांवर येतात, घसाऱ्याचा दर ठरवितां येतो. पण या शेवटच्या रकमेला माप नाहीं. दुकानाचा नफा किती, याचें उत्तर शेवटीं दुकानदाराच्या शेजाऱ्यांविषयींच्या मतावर येऊन ठेपतें. सर्व दुरुस्त्यांमध्यें सर्वांत अनिश्चित रक्कम हीच.

केळापुरासारख्या कापसाच्या तालुक्यांत ही अनिश्चितता दिवाळीनें फार वाढविली होती. आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजन करावें, वह्यांची पूजा करावी, आणि बलिप्रतिपदेस नव्या विक्रम संवताबरोबर नवी वही उघडावी, ही व्यापाऱ्यांची परंपरा. घरांतलें पंचांगाचें शालिवाहन वर्ष चैत्रांत बदले. दुकानाचें वर्ष कार्तिकांत बदले. आतां या दिवशीं शेतांत काय चाललेलें असतें? मृगापासून दिलेली सारी उधारी माथ्यावर आलेली असते. दिवाळीचें कापड व किराणा तींत नुकताच पडलेला असतो. आणि कापसाची वेंचणी कोठें सुरू झालेली, कोठें व्हावयाची असते. म्हणजे उधारी सर्वांत जास्त आणि वसूल सर्वांत कमी, असा जो वर्षांतला दिवस, त्याच दिवशीं वही मिटावयाची. पुढच्या दोन महिन्यांत पीक हातीं आलें तर आज बुडीत वाटणारा ऋणको सारें चुकतें करील. अवकाळी पाऊस झाला किंवा भाव कोसळला तर आजचा सुखवस्तुहि बुडेल. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला सोन्याचें मोल आलें. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून निघाला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचा भाव साफ बसला. विशेष हें कीं, तो १८९९ चा दुष्काळ मारवाड-गुजराथेंत अजून ‘छपन्नाचा’ म्हणूनच ओळखला जातो. कारण तो विक्रम संवत १९५६ मध्यें पडला. व्यापाऱ्याच्या वहीवरचा आंकडाच लोकांच्या स्मरणांत राहिला!

सरकारचें वर्ष मात्र वेगळेंच होतें. हिंदुस्थान सरकारचें आर्थिक वर्ष पूर्वीं मे महिन्याच्या पहिल्या तारखेस सुरू होई. १८६७ सालापासून तें १ एप्रिलला सुरू होऊं लागलें. तोंवर येथें प्राप्तीवरचा कर आलेला होता. १८६० सालीं तो प्रथम बसला, आणि १८८६ च्या कायद्यानें कायमचा झाला. मग दुकानदाराचें दिवाळीचें वर्ष आणि सरकारचें मार्चचें वर्ष यांचा मेळ कसा घालावयाचा? १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यानें यावर समंजस तोड काढली. व्यापारी ज्या दिवशीं आपल्या वह्या मिटत असेल, तें त्याचें वर्ष समजावें. आणि ज्या रीतीनें तो नियमितपणें हिशेब ठेवीत असेल, त्याच रीतीनें त्याचा नफा काढावा. मात्र एकदां धरलेलें वर्ष मनाला येईल तेव्हां बदलतां येणार नाहीं. अशा रीतीनें लक्ष्मीपूजनाच्या वहीला सरकारदरबारीं मान मिळाला, आणि १९६१ चा नवा कायदा आल्यावरहि तो चालू राहिला.

हा मान १९८९ सालीं संपला. १९८७ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ३१ मार्च हीच सर्वांच्या वर्षाची अखेर ठरली. त्या सांध्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांचें वर्ष १९८७ च्या दिवाळीस संपलें होतें, त्यांचें करासाठींचें पुढचें वर्ष एकदम ३१ मार्च १९८९ पर्यंत लांबलें. म्हणजे सुमारें सतरा महिन्यांचें एक वर्ष झालें! घसारा, सवलती, दर या सर्वांची त्या एका वर्षापुरती निराळी व्यवस्था कायद्याला करावी लागली. वर्ष ही निसर्गाची वस्तु नसून मनुष्यानें ठरविलेली सोय आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळणें कठीण. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेंहि एप्रिल ते मार्च हाच क्रम कायम ठेवला आहे.

या बदलानें केळापूरच्या दुकानाचें चित्र कसें पालटलें तें पाहण्यासारखें आहे. मार्चअखेर कापूस बहुतेक विकून झालेला असतो. ज्यांच्याकडून वसूल व्हावयाचा तो झालेला असतो. ज्यांचें बुडालें त्यांचें बुडाल्याचें कळून चुकलेलें असतें. म्हणजे उधारीविषयींचा अंदाज आतां पुष्कळ खरा उतरतो. परंतु याच वेळीं चैत्र-वैशाखांतील लग्नसराईसाठीं दुकान कापडानें भरलेलें असतें, आणि शिल्लक मालाची किंमत ही मोठी अवघड रक्कम होऊन बसते. दिवाळीच्या वहींत माणसांचा अंदाज करावा लागे; मार्चच्या वहींत मालाचा करावा लागतो. अंदाज सुटला नाहीं. त्याची जागा बदलली. शिवाय १९७२ पासून महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हां शेतकऱ्याला किंमतीचा कांहीं भाग मागाहून मिळे. त्या वर्षांत मार्चअखेरहि उधारीचा निकाल पुरता लागत नसे. शेताचें वर्ष कोणत्याहि वहींत बरोबर मावत नाहीं, हेंच यावरून दिसून येतें.

येथवर आपण दुकानदाराच्या बाजूनें पाहिलें. पण उधारीच्या प्रत्येक ओळीला दुसरें टोंक असतें, आणि त्या टोंकाला एक माणूस असतो. वर्षअखेरीस दुकानदार त्याच्या खात्याची बाकी काढतो, तींत व्याज मिळवितो, आणि ती रक्कम नव्या वहींत पुढें ओढतो. दुकानदाराला ही एक साधी दुरुस्ती; ऋणकोच्या दृष्टीनें मात्र कालचें व्याज आज मुद्दल झालें. हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा एक दयाळू नियम आहे. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि तो मानला. परंतु जुनी बाकी काढून तिच्यावर नवा कागद करून घेतला, कीं त्यांतील व्याज मुद्दलांत मुरे आणि दुपटीची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. शंभराचे दोनशें होण्यास नियमाची आडकाठी असे. शंभराचे दीडशें करून त्या दीडशांचे तीनशें करण्यास ती पुरी पडत नसे. कोलाम किंवा गोंड ऋणकोला मोडी वाचतां येत नसे, मारवाडी मुडिया अक्षर तर नाहींच नाहीं. अंगठा मात्र त्याचा लागे. १८६० सालीं निजामानें जो हक्क लेखणीच्या एका फटकाऱ्यानें सोडला, तो या माणसाला कधीं मिळालेलाच नव्हता.

कायद्यानें हा हक्क त्याला हप्त्याहप्त्यानें दिला. नियमितपणें ठेवलेल्या वहींतील नोंद पुराव्यांत घेतां येईल, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावरहि देणें लादतां येणार नाहीं, हा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें घातला. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमांतहि तो कायम आहे. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला आणि दलाल, मापारी व वजनें यांवर नियंत्रण आलें. तराजू अशा रीतीनें चव्हाट्यावर आला. वही अजून गादीखालींच होती. ती बाहेर आली १९३४ सालीं. मध्यप्रांताच्या त्या वर्षीच्या सावकारी कायद्यानें (तोच पुढें मध्यप्रांत व वऱ्हाडचा कायदा म्हणून ओळखला गेला) सावकारानें प्रत्येक ऋणकोचें स्वतंत्र खातें ठेवावें आणि दरवर्षीं त्याला सहीनिशीं हिशेबाची प्रत द्यावी, असें बंधन घातलें. तें पाळलें नाहीं तर व्याज व दाव्याचा खर्च यांस मुकण्याची पाळी सावकारावर येई. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यांतहि हिशेब ठेवण्याचें व देण्याचें हें बंधन आहे. कायदा झाला म्हणजे आचरण झालें असें नव्हे, हें सांगावयास नकोच. तथापि तत्त्व मान्य झालें, हीहि लहान गोष्ट नाहीं.

अलीकडे संगणकानें बेरजेचे श्रम वांचविले आहेत. आणि लहान व्यापाऱ्यानें विक्रीच्या ठराविक शेंकड्यानें नफा धरून कर भरावा, अशी सवलतहि कायद्यानें ठेविली आहे. त्यामुळें वर्षअखेरचा मेळ घालण्याची गरजच काय, असें कित्येकांस वाटूं लागलें आहे. आमच्या मतें हा विचार आत्मघातकी आहे. शेंकड्यानें धरलेला नफा सरकारला पुरतो. पण आपला माल किती अडकला, उधारी कोठें गुंतली, आणि पुढच्या पेरणीला कोणाला किती देतां येईल, हें तो सांगत नाहीं. यवतमाळ जिल्ह्याचें नांव गेल्या पंचवीस वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सर्व देशांत दुःखानें घेतलें जातें. त्या दुःखाचीं कारणें पुष्कळ आहेत आणि तीं एका वहींत सांपडणार नाहींत. परंतु आपल्या डोक्यावर नक्की किती देणें आहे हें न कळणें, हा त्या ओझ्याचा एक भाग खास असतो.

वर्षअखेरच्या दुरुस्त्यांत अंदाज असणारच. तो टाळतां येत नाहीं, हें आपण पाहिलें. म्हणूनच ज्याच्यावर त्या अंदाजाचा परिणाम व्हावयाचा, त्याला तो पाहण्याचा अधिकार असला पाहिजे. शिवाय एक गोष्ट व्यापाऱ्यानें विसरूं नये. त्यानें एखादी रक्कम बुडीत लिहिली म्हणून ऋणकोचें देणें फिटत नाहीं, आणि त्यानें ती पुढें ओढली म्हणून ती वसूलहि होत नाहीं. वहीची दुरुस्ती वहीपुरती. माणसांतली दुरुस्ती निराळी करावी लागते. मार्चअखेर खातें मिटण्यापूर्वीं गिऱ्हाइकाला दुकानांत बोलावून, त्याच्या भाषेंत त्याच्या खात्याची एकेक रक्कम वाचून दाखवावी, त्याचें म्हणणें ऐकावें, आणि मग बाकी काढून तिची प्रत त्याच्या हातीं द्यावी. यास एक दुपार पुरते. आणि खर्च म्हणाल तर पाठकोऱ्या कागदाचा.